रोमन ब्राँझची लहान मूर्ती कशासाठी होती? बुडापासून ओळखायची रीत

संग्रहालयात काचेमागे वीतभराहून लहान ब्राँझची मूर्ती असते आणि खाली पाटी असते: 'मर्क्युरी, रोमन, इ. स. पहिले-दुसरे शतक'. देव कोण ते कळलं. पण मूर्ती होती कशासाठी? घरात पुजायला, देवळात नवस फेडायला, जेवणाच्या टेबलावर मिरवायला, की काट्याच्या दांडीवर वजन म्हणून सरकवायला? मर्क्युरी या चारही कामांत दिसतो, आणि पाटी त्याबद्दल बहुतेक वेळा गप्प असते.

त्यामुळे माझा सल्ला असा, की चेहरा शेवटी बघा. ओतारी एकच चेहरा, एकच उभं राहण्याची ढब दहा कामांना वापरत. फरक पडतो तो मूर्ती कशावर बसवली, कशाला जोडली, कशाला टांगली यात. म्हणून क्रम असा ठेवा: बूड, पाठ, माथा, हात, आणि मग शेजारी काय सापडलं ते.

संग्रहालयात मूर्ती उलटी करून बघता येत नाही, हे खरं. पण काचेच्या बाजूला जाऊन वाकून बघता येतं. घरबसल्या बघायचं तर ब्रिटिश म्युझियमची ऑनलाइन सूची आहे. त्याहून उपयोगी म्हणजे इंग्लंड-वेल्समधल्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमची मोफत सूची. शेताशिवारात मेटल डिटेक्टरवाल्यांना सापडलेल्या वस्तूंचे पुढून, मागून, खालून काढलेले फोटो तिथे असतात. सुंदर नमुने कमी, मोडकेतोडके जास्त. शिकायला मोडकेच बरे, कारण जोड कुठे होता ते उघडं पडलेलं असतं.

पायरी १: बूड

यातल्या बऱ्याचशा मूर्ती ५ ते १५ सेंटिमीटरच्या असतात. मेणाचा नमुना करायचा, त्याभोवती माती लिंपायची, मेण वितळवून काढायचं आणि राहिलेल्या पोकळीत धातू ओतायचा. एवढ्या लहान मूर्ती सहसा भरीव असतात. तांब्यात कथील असतंच, पण बऱ्याचदा शिसंही भरपूर असतं. शिशामुळे रस पातळ होतो आणि बारीक फटींपर्यंत पोचतो.

बैठक मात्र अनेकदा वेगळी ओतायचे आणि मूर्ती तिच्यावर झाळायचे. शतकांनंतर ही झाळ सुटते, म्हणून बैठकीशिवायच्या मूर्ती इतक्या आढळतात. तळव्यांखाली करडा, खरखरीत थर शिल्लक असेल तर ती झाळच. मूर्ती स्वतंत्र बैठकीवर उभी होती असा अंदाज बांधायला हरकत नाही, आणि मग पर्याय उरतात तीन: घरातला देव, देवळातली भेट किंवा शोभेची वस्तू.

बैठक जागेवर असेल तर तिच्या पुढच्या बाजूवर अक्षरं शोधा. देणाऱ्याचं नाव आणि शेवटी चार लॅटिन अक्षरं, व्ही एस एल एम, असतील तर प्रश्न मिटला. ही 'वोटुम सोल्विट लिबेन्स मेरिटो' या ठरलेल्या वाक्याची आद्याक्षरं: नवस आनंदाने, रीतसर फेडला. देवळातली वस्तू.

देणाऱ्याचं नुसतं नावही पुरतं. स्वित्झर्लंडमधल्या बर्नजवळच्या मुरी गावात १८३२ मध्ये ब्राँझच्या मूर्ती सापडल्या. त्यात एक भलंमोठं अस्वल, त्याच्या मागे झाड, आणि समोर आसनावर बसलेली देवी. बैठकीवर कोरलंय: आर्तियो देवीला, लिकिनिया साबिनिल्लाकडून. देवी केल्टिक, म्हणजे तिथल्या मूळ लोकांची, देणारीचं नाव रोमन. मूळ देणगीत अस्वल आणि झाडच होतं, बसलेली देवी नंतर जोडली, असं अभ्यासक मानतात. तेही कळलं ते बैठकीच्या मांडणीवरून. एकाच वस्तूत दोन वेळा केलेलं काम असू शकतं, हे यातून लक्षात ठेवा.

पायाखाली खुंटी असेल तर मूर्ती लाकडात, शिशात किंवा मोठ्या वस्तूच्या भोकात रोवलेली होती. इथे घाई करू नका. पेटीच्या झाकणावरची मूठही अशीच रोवतात आणि देव्हाऱ्यातला देवही.

आणखी एक सावधगिरी. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या संग्राहकांना बिनबैठकीची मूर्ती आवडत नसे. त्यांनी नवी बैठक करून घेतली, नाहीतर दुसऱ्याच मूर्तीची जोडून टाकली. बैठकीचा आणि मूर्तीचा हिरवा रंग अगदी वेगळा दिसला, पाय बैठकीवरच्या खुणांवर नीट बसत नसले, तर बैठकीचा पुरावा बाजूला ठेवा.

पायरी २: पाठ

पूजेची मूर्ती समोरून बघायची असली तरी चांगला ओतारी पाठही घडवतो: केस, झग्याच्या चुण्या, कमरेचा खळगा. पाठ सपाट असेल, किंवा मागून पोकळ असेल, तर ती मूर्ती नसून जडवकाम आहे. पेटी, दार, पलंग, गाडी, यांपैकी कशावर तरी ती ठोकलेली किंवा झाळलेली होती. खिळ्यांची भोकं शोधा.

रोमन लोक आडवे पडून जेवत. त्या पलंगाच्या उशीकडच्या वळणदार कठड्याला वरच्या टोकाशी खेचराचं किंवा घोड्याचं डोकं आणि खालच्या टोकाशी देवाचा, सॅटर या रानातल्या अर्धमानवाचा नाहीतर मुलाचा अर्धपुतळा जोडायचे. सुटा झालेला असा अर्धपुतळा पुष्कळदा 'बाक्खसची मूर्ती' (बाक्खस म्हणजे मद्याचा देव) म्हणून पाटीवर चढतो. पाठ आतल्या बाजूला गोलाकार वळलेली असेल तर तो भांड्याच्या कानाचा भाग असण्याची शक्यता मोठी. मूर्तीच्या मागे जाडजूड चौकोनी खोबण असेल तर ती गाडीची सजावट धरा.

पायरी ३: माथा

डोक्यावर कडी असलेला अर्धपुतळा दिसला की उचलून बघावासा वाटतो. तो जड असतो, कारण आत शिसं ओतलेलं असतं. हे रोमन काट्याचं सरकतं वजन. काट्याला एका बाजूला माल टांगायचा आणि दुसऱ्या बाजूच्या लांब, खुणा केलेल्या दांडीवर हे वजन पुढेमागे सरकवायचं. मिनर्व्हा, मर्क्युरी, सम्राट, सॅटर, काहीही चालायचं. व्यापाराचा देव मर्क्युरी इथे शोभतो खरा, पण पूजेशी त्याचा संबंध नाही.

अर्धपुतळ्याच्या डोक्यावर बिजागरीचं झाकण आणि कानांजवळ हलती कडी असेल तर ती सुगंधी तेलाची कुपी. अंगठ्याएवढी मूर्ती आणि मानेमागे बारीक कडी असेल तर गळ्यात घालायचा ताईत. तोंडाला बोट लावलेला इजिप्शियन बालदेव हार्पोक्रेटीस या मापात खूप मिळतो.

आणि घंटा टांगायच्या कड्या असलेल्या लिंगाकृती दिसल्या तर दचकू नका. पॉम्पेईत त्या दारात, दुकानात लटकत. दृष्ट लागू नये म्हणून.

पायरी ४: हात

आता देव ओळखायचा. हातातली वस्तू पुष्कळदा वेगळी करून बसवलेली असे, म्हणून ती हरवलेली असते. पण मुठीतलं भोक आडवं की उभं, तळहात वर की खाली, हे राहतं. उभं भोक म्हणजे भाला, राजदंड किंवा त्रिशूळ. वर वळलेला पसरट तळहात म्हणजे बहुधा अर्घ्य द्यायची उथळ ताटली, पातेरा.

घरगुती पूजेची सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे लार. हा घरादाराचा राखणदार देव, आणि बहुधा जोडीने येतो. कुरळ्या केसांचा तरुण, आखूड अंगरखा कमरेला बांधलेला, चवड्यांवर उभा, जणू आत्ताच गिरकी घेतली आहे. अंगरख्याचे सोगे दोन्ही बाजूंना वाऱ्याने उडालेले. उंचावलेल्या हातात शिंगाच्या आकाराचं मद्यपात्र, खालच्या हातात ताटली किंवा छोटी बादली. एक लार डावा हात वर करतो, तर दुसरा उजवा, म्हणजे मध्ये कोणी उभं केलं की दोघे दोन्हीकडून कमान धरतात. सुटा लार मिळाला तर कुठला हात वर आहे ते बघा. तो डावीकडे उभा असे की उजवीकडे, ते कळतं. एक शांत उभा राहणारा लारही आहे, त्याच्या हातात फळांनी भरलेलं समृद्धीचं शिंग असतं.

मध्ये उभा असतो तो गेनियस, घरच्या कर्त्या पुरुषाची जीवशक्ती. अंगावर टोगा, त्याचाच पदर डोक्यावर घेतलेला, कारण रोमन माणूस पूजा करताना डोकं झाकत असे. देवाला पूजा करणाऱ्याच्याच वेशात दाखवायची ही कल्पना मला फार गमतीची वाटते.

बाकीचे पटकन: मर्क्युरीला पंखांची टोपी, पैशांची थैली, सर्पदंड, पायाशी कोंबडा, बोकड किंवा कासव. भाग्यदेवता फॉर्च्युनाला सुकाणू आणि समृद्धीचं शिंग. डोक्यावर इजिप्शियन देवी इसिसचा मुकुट आला की ती इसिस-फॉर्च्युना. मिनर्व्हाला शिरस्त्राण, हर्क्युलीसला सोटा आणि सिंहाचं कातडं, ज्युपिटरला वज्र.

डोळ्यांत चांदीचा ठिपका, ओठांवर लाल तांबं जडवलेलं असेल तर मूर्ती महागाची. वापर कोणता, हे मात्र त्यावरून ठरत नाही.

पायरी ५: शेजार

इथे खरी माहिती मिळते, आणि लुटून बाजारात आलेल्या वस्तूंच्या बाबतीत नेमकी हीच पुसलेली असते.

इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसने पॉम्पेई गाडलं, त्यामुळे तिथले देव जागच्या जागी सापडले. 'लाल भिंतींचं घर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या घराच्या देवळीत मागच्या भिंतीवर गेनियस आणि दोन लार रंगवलेले होते, आणि पुढे ब्राँझचे सहा देव उभे होते: लारांची जोडी, मर्क्युरी, अपोलो, एस्क्युलापियस आणि हर्क्युलीस. सोबत एक दिवा. 'सोनेरी क्युपिडांच्या घरात' लारांच्या जोडीबरोबर ज्युपिटर, जुनो, मिनर्व्हा आणि मर्क्युरी होते. त्याच घराच्या दुसऱ्या कोपऱ्यात इसिस, सेरापिस वगैरे इजिप्शियन देवांसाठी वेगळी रंगवलेली जागा.

अशा देवळीतल्या मूर्ती एका मापाच्या नसतात, एका कारागिराच्याही नसतात. आपल्या देव्हाऱ्यात आजीचा बाळकृष्ण, कुलदैवताचे टाक आणि कुणीतरी यात्रेहून आणलेली मूर्ती एकत्र बसतात, तसाच हा गोतावळा. म्हणून एखाद्या संचातल्या मूर्ती उंचीने, धातूने, घडणीने विजोड दिसल्या तर 'हा संच खोटा' असं म्हणू नका. उलट सगळ्या तंतोतंत जुळल्या तरच भुवई उंचावा.

या देवांना महिन्याच्या ठरलेल्या दिवशी हार, धूप, मद्य, पिठाचे पदार्थ वाहत. मुलगा वयात आला की गळ्यातली 'बुल्ला' (लहानपणी घालायचा ताईत) काढून लारांना अर्पण करी. नवी नवरी तीन नाणी घेऊन येई: एक नवऱ्याला, एक घरच्या लारांना, एक चौकातल्या लारांना. या चौकातल्या देवळ्यांना ऑगस्टसने इ. स. पू. ७ च्या सुमारास नवी शिस्त लावली आणि लारांच्या जोडीला स्वतःचा गेनियस बसवला. राजकारण असं गल्लीतल्या देवळीपर्यंत गेलं. शेवट सम्राट थिओडोसियसच्या इ. स. ३९२ च्या फर्मानाने झाला. त्यात लारांना अग्नी, गेनियसला मद्य आणि पेनातेस या घरच्या देवांना सुवास वाहायला नाव घेऊन बंदी आहे. बंदी घालावी लागली, म्हणजे तोवर पूजा घरोघरी चालू होती.

देवळीत फक्त देवच असत असंही नाही. चरित्रकार सुएटोनियसकडे बाल ऑगस्टसची एक जुनी, लहानशी ब्राँझ प्रतिमा होती. ती त्याने सम्राट हेड्रियनला भेट दिली, आणि हेड्रियनने ती शयनगृहातल्या लारांमध्ये ठेवून पुजली. संग्रहातली वस्तू पूजेत गेली, ते फक्त मालक बदलल्यामुळे.

उलटी वाटही होती. रोमन लेखक प्लिनी सांगतो की काही लोकांना 'कोरिंथियन' ब्राँझच्या छोट्या पुतळ्यांचं इतकं वेड होतं की ते प्रवासातही बरोबर नेत: हॉर्टेन्सियसचा स्फिंक्स, नीरोची अॅमेझॉन, आणि गायुस केस्टियस तर आपला पुतळा रणांगणावरही न्यायचा. नोवियुस व्हिंडेक्स नावाच्या संग्राहकाकडे फूटभरही नसलेला, टेबलावर ठेवायचा हर्क्युलीस होता. तो ग्रीक शिल्पकार लिसिप्पसने घडवला आणि अलेक्झांडर, हॅनिबल, सुल्ला यांच्या हातांतून आला, अशी त्याची ख्याती. ख्याती खरी की रचलेली, ते सोडा. देव असूनही तो जेवणाच्या टेबलावर पाहुण्यांना दाखवायचा होता, हे महत्त्वाचं.

शेजारी भांडी, ताटल्या, नवसाचे पत्रे सापडले तर देवळाचा खजिना समजा. बव्हेरियातल्या वाइसेनबुर्गला १९७९ मध्ये बागेत खणताना शंभरावर वस्तूंचा साठा मिळाला, त्यात देवांच्या ब्राँझ मूर्तींसोबत चांदीचे नवसाचे पत्रे आणि ब्राँझची भांडी होती. सीमेवरच्या धामधुमीत तिसऱ्या शतकात हे पुरून ठेवलेलं असावं. फ्रान्समधल्या न्यूव्ही-आँ-सुलियासचा १८६१ चा साठाही असाच: रानडुकरं, नाचणाऱ्या आकृती, आणि रुडिओबुस या स्थानिक देवाला वाहिलेला घोडा.

पायरी ६: मुलूख

कुठे सापडली हे माहीत असेल तर अंदाज घट्ट होतो. गॉलमध्ये (आजच्या फ्रान्सच्या आसपास) मर्क्युरी सगळ्यात लोकप्रिय. गॉल लोक त्यालाच सर्वाधिक मानतात असं सीझरने लिहून ठेवलंय. तिथला सुटा मर्क्युरी घरातला, देवळातला, कुठलाही असू शकतो. मध्य इटलीतला, सोटा उगारलेला, जेमतेम घडवलेला हर्क्युलीस मात्र बहुतेकदा रोमन साम्राज्याच्याही आधीचा, इ. स. पू. पाचव्या ते तिसऱ्या शतकातला, आणि पवित्र स्थानी वाहिलेला. बाजारात त्याला सर्रास 'रोमन' म्हणतात.

पायरी ७: मूर्ती घर सोडून गेली तर

पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीत १९४० च्या दशकात ब्राँझच्या वस्तूंचा साठा मिळाला. पुढे १९४५-४६ मध्ये तिथे डेक्कन कॉलेजतर्फे ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केलं. त्या साठ्यातला पोसायडन आज कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. सागराचा हा देव पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरातून घाट चढून आला, सातवाहन काळात.

वरच्या पायऱ्या लावल्या तर पोसायडन स्वतंत्र उभी राहणारी मूर्ती ठरतो. पण शेजार बघा: त्या साठ्यात रोमन घडणीचं थोडं, आणि इथली भांडी, इथल्या वस्तू बरंच काही. लार नाहीत, गेनियस नाही. इटलीत तो देवळीत असेलही. कोल्हापुरात तो पोसायडन म्हणून पुजला गेला असं मानायला आधार नाही. दूरदेशीची नवलाई, प्रतिष्ठेची चीज, किंवा मौल्यवान धातू म्हणून जपलेला, हे अर्थ शेजाराला जास्त जुळतात. अफगाणिस्तानात बेग्रामला आणि तक्षशिलेच्या सिरकपला सापडलेल्या ब्राँझच्या हार्पोक्रेटीसबद्दलही हाच प्रश्न विचारायला हवा.

उलट दिशेचं उदाहरण ब्राँझचं नाही, हस्तिदंताचं आहे, पण रीत तीच. पॉम्पेईत १९३८ मध्ये सापडलेली, 'लक्ष्मी' म्हणून प्रसिद्ध असलेली भारतीय मूर्ती सुमारे २५ सेंटिमीटरची आहे. जालन्याजवळच्या भोकरदनला तिच्याशी जवळचं साम्य असलेलं हस्तिदंती काम मिळालं आहे. तिच्या डोक्यातून खाली उभं भोक पाडलेलं आहे. म्हणजे वर काहीतरी बसत होतं: आरशाची मूठ किंवा छोट्या टेबलाचा पाय. नाव देवीचं, काम फर्निचरचं, आणि हे सांगतो माथा.

कुणी विकायला आणली तर

ऑनलाइन लिलावात 'रोमन देवता, जुना युरोपीय संग्रह' अशा ओळीवर काही हजारांत मूर्ती मिळतात. माझं मत: घेऊ नका. इटलीत १९०९ पासून जमिनीतून निघालेली प्राचीन वस्तू सरकारची असते. कागद नसतील तर ती चोरीची असण्याची किंवा खोटी असण्याची शक्यता उरते. एकोणिसाव्या शतकापासून नेपल्समधल्या ओतशाळा, त्यात कियुरात्सी प्रसिद्ध, पॉम्पेईच्या मूर्तींच्या उत्तम प्रती प्रवाशांना विकत आल्या आहेत. त्या प्रती म्हणून विकल्या. 'प्राचीन' हे विशेषण नंतरच्या हातांनी लावलं. खोट्या मूर्तीवर हिरवा रंग सगळीकडे सारखा, रंगवल्यासारखा दिसतो, आणि खोलगट जागी नखाने सुटतो. जुनं जंगाल थराथराने वाढलेलं असतं, कुठे लालसर, कुठे काळपट.

भारतात शंभर वर्षांहून जुन्या मूर्तीला १९७२ चा पुरावस्तू कायदा लागतो: विकणाऱ्याला परवाना हवा, शिल्पाची नोंदणी हवी, आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही.

आजोबांच्या ट्रंकेत असं काही निघालंच, तर चिंच, लिंबू, पितांबरी यांपैकी काही लावू नका. घासलं की झाळीचा थर, चांदीचे डोळे, कोरलेली अक्षरं एका दुपारी जातात. पिस्त्याच्या रंगाची भुकटी सुटत असेल तर तो क्लोराइडचा रोग आहे आणि ओलाव्याने वाढतो. कोरड्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवा आणि धातुसंवर्धन करणाऱ्याला दाखवा. त्याआधी पट्टी शेजारी ठेवून सहा फोटो काढा: पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी, माथ्यावरून आणि बुडाखालून. ट्रंकेत आणखी काय होतं, ट्रंक कुठल्या घरातून आली, तेही कागदावर लिहून त्याच डब्यात टाका.